दोनदा पाहिलेलं घड्याळ

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. खरं तर हेच पत्र तीनदा लिहून, तिकीट लावून मी पेटीत टाकलं होतं. तिन्ही वेळा दुपारच्या झोपेत. गुडघा कसा आहे? माझी छातीतली धडधड आहे तशीच आहे. (शुद्धलेखन बघू नकोस, मी चौथीतच थांबलेला.)

हल्ली स्वप्नात असतानाच मला कळतं की हे स्वप्न आहे. युक्ती शेजारच्या चष्मेवाल्याची: घड्याळ पाहायचं, मान वळवायची, पुन्हा पाहायचं. काटे भलतीकडे गेले असतील तर आपण झोपेत आहोत, मग कुणाला भ्यायचं कारण नाही. जिना उतरताना कठडा न सोडणारा मी परवा छपरांवरून उडत होतो. पोटात झोपाळ्यावर येतो तसा गोळा, मुठीतलं घड्याळाचं पितळी चक्र इतकं गार की दात शिवशिवले, आणि कौलांवरचं शेवाळ चष्म्याशिवाय दिसत होतं. जागेपणी मला एवढं स्वच्छ कधीच दिसलेलं नाही.

घोटाळा एवढाच, की चष्मेवाल्याकडे घड्याळ एक आणि माझ्याकडे दुरुस्तीला आलेली एकतीस. मंगळवारी दुपारी तू दुकानात आलीस. मी भिंतीवर पाहिलं, दोन वाजून दहा. पुन्हा पाहिलं, अडीच. म्हटलं, स्वप्नच. मग छाती काढून सांगून टाकलं, की बाबांचं खिशातलं घड्याळ मी फोडलं होतं. मार तू खाल्लास, आणि मी दाराआड उभा होतो. तू एवढंच म्हणालीस, "साठ वर्षं लागली तुला?" आणि निघून गेलीस. मी उडायला म्हणून टेबलावरून उडी मारली. पाय सुजलाय. नंतर पाहिलं, भिंतीवरच्या त्या घड्याळाच्या मिनिटकाट्याची चकती सैल होती (मीच बसवलेली), काटा आपोआप घसरला होता.

चष्मेवाला म्हणतो, उडी खरी, पण त्याआधी डुलकी लागली असेल. तू आलीच नसशील, तर वरचा परिच्छेद वाचू नकोस.

तुझा धाकटा,
टिकटिक

ता. क. काठीसारखी टेकत चालतेस ती तुझी छत्री दाराशी उभी आहे. रोज दोनदा बघतो. बदलत नाही.

ता. क. तिच्यावाचून त्या गुडघ्यानं घरी कशी पोचलीस, या विचारानं जेवण जात नाही. न्यायला ये. कधी येतेस तेवढं लवकर कळव. या खेपेला मी घड्याळाकडे बघणार नाही.