कोशार गल्लीचं न्हाणीघर

बुडापेस्ट, कोशार गल्ली
८ नोव्हेंबर १९९८

ती. एतेल्काताईस,
देझ्योचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि तरी तू हो हो करत राहतेस, म्हणून लिहूनच कळवतो. तुझा धाकटा भाऊ निवडून आला. आपल्या पेठेचा कारभार बघणाऱ्या सभेत आता मी बसणार, तेही कुठल्या पक्षाचा न होता. समोरच्या खोलीतली बोरिश्का मावशी सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की जन्मभर ट्रामचे ब्रेक दुरुस्त करणाऱ्याला सभेत पाठवलंय, आता पेठ जागची हलायची नाही.

ती आहे तशीच आहे. ऐंशी पार केली, पण शुक्रवार आला की हॅट घालते, साबणाची डबी पिशवीत टाकते आणि राणीसारखी गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराकडे निघते. तिच्या खोलीत अजून नुसता एक नळ आहे आणि संडास सज्ज्याच्या टोकाला. अशी घरं आपल्या पेठेत किती आहेत, ते मत मागायला दारोदार फिरलो तेव्हा कळलं. माणसं सरकारी खोल्यांची मालक झाली, पण भिंतींवरची छप्पन्न सालच्या उठावातली गोळ्यांची भोकंसुद्धा कुणी बुजवलेली नाहीत. आपल्या चाळीच्या आतल्या चौकात तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्याखाली लाकडी टेकू लागलेत. त्यांच्यातून वाकून जावं लागतं.

मी लोकांना दोन गोष्टींचा शब्द दिलाय. सज्जे दुरुस्त करून घेईन आणि न्हाणीघर बंद पडू देणार नाही.

मुलींना आशीर्वाद. तुझी माया आहे तेवढी तरी राहू दे, वाढली तर उत्तमच.
तुझा,
देझ्यो


मोहाच
१३ डिसेंबर १९९८

चि. देझ्यो यास,
अनेक आशीर्वाद.

नगरसेवक साहेब, अभिनंदन. लहानपणी आंघोळीचं नाव काढलं की टबामागे लपायचास, आणि आता न्हाणीघराचा कैवारी झालास! आई असती तर हसून हसून तिला खोकला लागला असता. त्याच न्हाणीघराचे टब घासून तिने आपल्याला वाढवलं. महायुद्धात शहराला वेढा पडला त्या हिवाळ्यात सगळे नळ कोरडे पडले, तेव्हा तिथल्या विहिरीवर अख्खी पेठ रांगेत उभी होती. तू लहान होतास, तुला कितपत आठवत असेल कोण जाणे. मला बादलीच्या कडीला चिकटलेली बोटं आठवतात.

दोन शब्द देऊन बसलास, ते पाळ. तिथले लोक गोड बोलून माणसाला मऊ करतात म्हणे. नाताळसाठी खसखस भरलेल्या गोड पावाच्या दोन वळकट्या बसवाल्याकडे देते आहे. एक बोरिश्काची आहे, दोन्ही तू खाऊ नकोस.

मफलर गुंडाळत जा. तुझी आठवण काढणारी,
ताई


बुडापेस्ट
२१ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फार वाईट झालं. शेजारच्या घरात दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्याची फरशी निसटली आणि टपालवाली गिझेला खाली चौकात कोसळली. जीव वाचला, पण आता तिला चालता येणार नाही. मी धावत गेलो तेव्हा पत्रं सगळीकडे विखुरली होती आणि ती पडल्या पडल्या लोकांना सांगत होती, की आधी ती उचला, भिजतील. त्या दिवसापासून आपल्या सज्ज्यावर कुणाचं पोर पळालं तरी मी दारात येऊन उभा राहतो.

पेठेचे उपाध्यक्ष हल्मी यांनी मला बोलावून कॉफी पाजली. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. म्हणाले, तिजोरीत पैसा एकाच कामाला पुरेल. न्हाणीघराचा बॉयलर नुसता गॅस गिळतोय. ते बंद करायला तुम्ही हात वर करा, याच उन्हाळ्यात कोशार गल्लीचे सगळे सज्जे नवे करून देतो. तुम्ही नाही केलात तर दुसऱ्या कुणाचा तरी हात मला शोधावा लागेल, आणि मग सज्जेही त्याच्याच गल्लीचे होतील. शाळेच्या तळघरात लोकांसाठी शॉवर बसवू, असंही म्हणाले.

मी विचार करून सांगतो म्हणालो. ताई, काय करू?

उत्तराची वाट पाहणारा,
देझ्यो


मोहाच
२ मार्च १९९९

चि. देझ्यो यास,
आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. नको करूस.

मी आईच्या आठवणीपायी रडते आहे असं समजू नकोस. आई गेली, तिचे टबही केव्हाच बदलले. मी बोरिश्काचा विचार करते आहे. सज्ज्याला टेकू देता येतो, माणसाच्या अब्रूला कसला टेकू देणार? शाळेच्या तळघरातले शॉवर होतील तेव्हा होतील. आधी होऊ देत, मग हात वर कर. त्या हल्मीला म्हणावं, एका पोराच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला भरवायचा आणि वर आईकडून शाबासकी मागायची, हे मला जमायचं नाही.

माझं बोलणं सोपं आहे, ते मला कळतं. मी त्या सज्ज्यावरून चालत नाही. इकडे आमच्या गावात मुखवटेवाल्यांनी घंटा वाजवून हिवाळा हाकलला, पण गारठा काही हटलेला नाही. सांभाळून राहा.

तुझीच,
ताई


बुडापेस्ट
१८ एप्रिल १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी हात वर केला. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. म्हणजे माझ्याच.

तुझं पत्र खिशात होतं. पण तिथे बसल्यावर मला गिझेलाशिवाय काही दिसेना. आपल्याच मजल्यावरच्या तेर्काला दोन लहान मुलं आहेत, ती दिवसभर सज्ज्यावर खेळतात. लाकडी टेकू कुजलेत, मी स्वतः सुरी खुपसून पाहिलं. शॉवर नंतरही होतील. मेलेलं पोर नंतर उठत नाही.

बोरिश्का मावशी हॅट घालून बघ्यांच्या बाकावर बसली होती. मी हात वर केला तेव्हा तिने मान वळवली नाही, माझ्याकडे बघतच राहिली. येताना जिन्यावर मी नेहमीसारखा हात पुढे केला. तिने तो धरला नाही. कठडा धरून एकेक पायरी चढली आणि वर पोचल्यावर म्हणाली, की बाळा, तुझा हात आज फार दमला असेल, राहू दे.

तू रागावशील हे ठाऊक आहे. राग लिहून कळव, पण गप्प बसू नकोस.

देझ्यो


मोहाच
६ जून १९९९

चि. देझ्यो यास,

पत्र पोचलं. इकडे चेरी लागल्या आहेत. मुली बऱ्या आहेत. गुडघा दुखतो. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

ताई


बुडापेस्ट
१० ऑक्टोबर १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या चार ओळींनंतर तू उन्हाळाभर लिहिलं नाहीस, तरी मी लिहितो आहे. लहान भावाला एवढा हट्ट माफ असावा.

सज्जे झाले. हल्मींनी शब्द पाळला, हे कबूल केलं पाहिजे. जुनी फरशी उचलली तेव्हा खालचं लोखंड बिस्किटासारखं चुरलं. गवंडी मला म्हणाला, की हा हिवाळा निघाला नसता. आता नवा कठडा आहे, टेकू गेले. तेर्काचा मुलगा तीनचाकी सायकलवरून चकरा मारतो आणि सगळे त्याच्यावर ओरडतात, पण नुसते आवाजापायी ओरडतात.

न्हाणीघराच्या दारावर फळ्या ठोकल्या. शॉवर झाले नाहीत. आधी आरोग्य खात्याने तळघर ओलं म्हणून नाकारलं, मग शाळेने नाकारलं. मी दर बैठकीत विचारतो आणि दर बैठकीत ते मान हलवून टिपून घेतात.

मावशी सुरुवातीला ट्रामने नदीपलीकडच्या न्हाणीघरात जायची. मग पाय साथ देईनात. आता ती संध्याकाळी सज्ज्यावर पत्ते खेळायला येत नाही. चर्चमध्ये शेवटी दाराशी उभी राहते, म्हणजे कुणाच्या शेजारी बसायला नको. तेर्काने जवळ जाऊन हाक मारली तर दोन पावलं मागे सरली. जन्मभर नाटक कंपनीचे कपडे शिवलेली बाई ती, स्वतःच्या कोटाचा वास तिला सोसवत नाही.

मी जाऊन म्हटलं, मावशी, माझ्याकडे न्हाणी आहे, टब आहे, मी बाहेर जाऊन बसतो, तू ये. दार अर्धवट उघडून म्हणाली, माझं पाणी तोडलंस आणि आता उपकाराचं पाणी पाजतोस होय रे? मी काय तुझ्या घरचं मांजर आहे? आणि दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला, की मला तसा भास झाला, कोण जाणे.

ताई, तू काहीतरी सुचव.

देझ्यो


मोहाच
३१ ऑक्टोबर १९९९

चि. देझ्यो यास,
अनेक आशीर्वाद.

माझा राग आहे तिथेच आहे, पण तो बाजूला ठेवून लिहिते. बोरिश्काला इकडे पाठव. दया म्हणून बोलावते असं मुळीच सांगू नकोस, ती मरेल पण यायची नाही. म्हणावं, एतेल्काला हिवाळ्यात एकटीला करमत नाही आणि नातींच्या फ्रॉकना चांगला हात हवा आहे. माझ्या घरी टब आहे, गरम पाणी आहे, आणि मासळीचं तिखट सार मी अजून बरं करते. बसपर्यंत तू तिला पोचव आणि तोंडातून अवाक्षर काढू नकोस.

लवकर कर.

ताई


बुडापेस्ट
१६ जानेवारी २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मावशी परवा गेली.

तुझा निरोप मी दिला होता. तिला आनंद झाला, फ्रॉकची मापंसुद्धा विचारली. पण म्हणाली, ईस्टर झाल्यावर जाईन, हवा ऊबदार झाली की. बंद बसमध्ये भर हिवाळ्यात या कोटातल्या बाईशेजारी कोण बसेल?

मग गेल्या रविवारी तिने मुरांब्याचं मोठं पातेलं भरून पाणी उकळलं. जमिनीवर पत्र्याचं घंगाळ मांडलं, टॉवेल काढला. तेर्काच्या मुलाचा वाढदिवस होता, तिला बोलावणं होतं. स्वच्छ होऊन जायचं असणार. पातेलं उतरवताना पाय सरकला. आवाज ऐकून आम्ही दार तोडलं. तिने आधी सांगितलं, की पुरुषांनी बाहेर थांबा.

रुग्णवाहिकेवाल्यांनी तिला नव्या सज्ज्यावरून नेलं. कुठे अडलं नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, या भागात असा चांगला सज्जा क्वचित असतो.

तिला कुणी नातलग नाही. सगळं मी करतो आहे. रस्त्यांवर बर्फ आहे, तू येऊ नकोस.

देझ्यो


मोहाच
३० जानेवारी २०००

चि. देझ्यो यास,
अनेक आशीर्वाद.

तू नको म्हणालास तरी आले, आता घरी सुखरूप पोचले. दफनाच्या वेळी मी तुझ्याशी बोलले नाही, ते तुला लागलं असेल. जे तेव्हा बोलायचं होतं ते आता लिहिते.

दवाखान्याच्या शवागाराबाहेर तुला उभं करून मी आत गेले. तिथली मुलगी म्हणाली, आजी, आमचं सगळं उरकलंय. मी म्हटलं, तुमचं उरकलं असेल, माझं नाही. गरम पाणी मागितलं. ती म्हणाली, आता गरम कशाला? मग माझ्या तोंडाकडे बघून घेऊन आली. मी बोरिश्काला आईच्या पद्धतीने न्हाऊ घातलं. भाजलेल्या जागा सोडून. आधी केस, मग कानांमागे, मग पाय. टाचांना भेगा होत्या. सावकाश केलं, कारण घाई केलेली तिला आवडली नसती. शेवटी ती मुलगीही बाह्या वर करून बादली धरायला आली.

संध्याकाळी तुझ्या दारात बसले होते तेव्हा तो तीनचाकीवाला माझ्या पायावरूनच गेला. तेव्हा मनात आलं, की तू हात वर केला नसतास, तर कदाचित मी एवढ्याशा देहाला न्हाऊ घालायला आले असते. याचा हिशेब मला लागत नाही, देझ्यो. माझा राग गेलेला नाही. पण तू चुकलास असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, म्हणून तो राग आता बसायला जागा शोधतो आहे.

राजीनामा देतो म्हणालास. देऊ नकोस. तुझ्या जागी येणारा शॉवरचं विचारणारही नाही.

जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशीच आहे, तिथे आता माझं दुसरं कुणी नाही.
ताई


बुडापेस्ट
२६ मार्च २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राजीनामा दिला नाही. शॉवरचा ठराव मांडला. हल्मींनी माझ्याकडे न बघता विरोधात हात वर केला आणि ठराव पडला. बाहेर त्यांनी माझा कोट धरून ठेवला, मी बाह्यांत हात घातले. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे, आणि पुन्हा पडेल.

मग मी घरी येऊन एक केलं. खालच्या दाराशी पाटी लावली, की शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरची न्हाणी दिवसभर उघडी आहे, मालक घरात नसतो, विचारू नये. किल्ली बाहेर खिळ्याला अडकवली. आठवड्यामागून आठवडे गेले, कुणी फिरकलं नाही. लोक पाटी वाचतात आणि मान खाली घालून जातात. मी मात्र शुक्रवारी सकाळीच बाहेर पडतो, चौकातल्या बाकावर बसतो.

परवा तळमजल्यावरची राफाएल बाई दोन्ही लेकींना घेऊन जिना चढताना दिसली. बगलेत टॉवेल होते. माझ्यासमोरून गेली, पण तिने मला ओळख दाखवली नाही आणि मीही दाखवली नाही. थोड्या वेळाने वरून पाण्याचा आवाज यायला लागला. मग त्या पोरी खिदळल्या आणि आईने त्यांना दटावलं.

गारठा खूप होता. पाणी थांबेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.

देझ्यो