दिवा, घंटा आणि मागची खोली

नागाव, तालुका अलिबाग
२६ नोव्हेंबर १९३४

प्रिय सखी सुगरा हिला मनूचा मनापासून सलाम. तुझ्या घरातल्या थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. (थोर आता तुझ्याकडे कोण उरलं आहे, हे मला ठाऊक नाही. बहुधा आपणच. तेव्हा तो नमस्कार तूच ठेवून घे.) तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते थांबलं का? डॉक्टरांनी दिलेले थेंब घालतेस, की बाटली कपाटात शोभेला ठेवली आहेस? तुझ्या मुश्ताकच्या धाकटीला दात आले का? माझं म्हणशील तर प्रकृती ठीक आहे. उजवा गुडघा पावसाळ्यापासून रुसलेला आहे, डावा समजूतदार आहे, आणि दोघांच्या मधे मी चालते. तुझं दिवाळीच्या सुमाराचं कार्ड मिळालं. चार ओळी होत्या, त्यांतली एक माझ्या पत्त्याची. पूर्वी तुझं पत्र वाचायला मी दुपारची झोप सोडत असे. हे कार्ड पोस्टमन पायरी उतरायच्या आत वाचून झालं. असो, तो विषय पुढे येणारच आहे.

पत्रास कारण असं घडलं. माझा भाचा सदा अलिबागच्या कचेरीत आहे, हे तुला माहीत आहेच. मी इथे त्याच्याकडे राहायला आले त्याला आता चार वर्षं होतील. तो कुणा साहेबाच्या बंगल्यातून रद्दीत निघालेली इंग्रजी साप्ताहिकं माझ्यासाठी आणतो. (मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. विलायतेत गुलाबांवर कोणती कीड पडते, हे नागावात फक्त मला ठाऊक आहे.) तर अशाच एका अंकात असं छापून आलं की परदेशातल्या कुणा डॉक्टरांनी माणसांच्या मनाच्या दोन जाती शोधून काढल्या आहेत. एकाचं तोंड आतल्या बाजूला असतं, दुसऱ्याचं बाहेरच्या. सदा म्हणतो, मराठीत त्यांना अंतर्मुख आणि बहिर्मुख म्हणावं. माझ्या कानाला ती दोन्ही काढ्यांची नावं वाटतात. लेखाखाली चोवीस प्रश्न होते. त्यांची उत्तरं लिहायची, गुण मोजायचे, की आपण कोण ते आपल्याला कळतं. आणि एकदा कळलं की मग आपल्या स्वभावाच्या उलट बाजूचा थोडा थोडा व्यायाम करून माणूस सुधारतो, असं त्या डॉक्टरांचं म्हणणं.

आता तू हसशील, कारण आपल्याला हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं. आपल्या कॉन्व्हेंटातली सिस्टर अगाथा आठवते ना? पहिल्या वर्षाच्या शेवटी तिने सगळ्या मुलींना रांगेत उभं करून सांगितलं होतं की मुली दोनच प्रकारच्या असतात. काही दिवा असतात, काही घंटा. दिवा बोलत नाही, नुसता उजेड देतो. घंटा उजेड देत नाही, पण तिच्यावाचून कुणी वेळेवर जेवायला येत नाही. तुला घंटा म्हणाली आणि मला दिवा. मला तर तिने एका पवित्र चित्राच्या पाठीमागे जांभळ्या शाईने लिहून दिलं. आमचे बाबा मीठ खात्यात दरोगा, सरकारी कागदाला मान देणारे. त्यांनी ते चित्र उलटं करून चौकटीत बसवलं. तेव्हापासून मी तोंड उघडलं की आई म्हणायची, "अगं, तू दिवा ना?" लग्न ठरताना हे सासरी कळवण्यात आलं आणि सासूबाई फार खूश झाल्या. पुढे आमचे मास्तर दोघांच्या वाटचं बोलत. मी स्वतः बावीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं; पण तिथे बोलायचा पगार मिळत होता, म्हणून ते बोलणं मी कधी धरलंच नाही.

तेव्हा प्रश्नांची उत्तरं लिहायला मला अर्धा तास पुरला. काही प्रश्न नागावच्या मापाचे नव्हते. नाचाच्या मेजवानीत तुम्ही भिंतीला टेकून उभ्या राहता का? (मी सगळीकडे भिंतीला टेकूनच बसते, पण ते गुडघ्यामुळे. हे लिहायला जागा नव्हती.) अनोळखी माणसं पाहून पोटात गोळा येतो का? पत्रं लांबलचक लिहिता की थोडक्यात? मी लिहिलं, थोडक्यात. बेरीज केली तर चोवीसपैकी एकवीस गुण आतल्या बाजूला. सिस्टर अगाथा पास झाली म्हणायची. मला फार समाधान वाटलं.

पण खाली बारीक अक्षरांत एक कलम होतं. हेच प्रश्न तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या माणसाला विचारावेत आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहावीत. मी सदाच्या बायकोला, सगुणाला, बसवलं. ती गुणी मुलगी आहे, पदर नीट केला, पाटी-पेन्सिल घेतली आणि पहिल्याच प्रश्नाला विचारलं, "आत्याबाई, बरोबर उत्तर कोणतं?" मी म्हटलं, अगं, तुला वाटेल ते. ती म्हणाली, "मला तुम्हाला वाटेल तेच वाटतं." अशा रीतीने तिच्या पाटीवरही एकवीस गुण आले. मग मी सोनाबाईला धरलं. सोनाबाई म्हणजे आमची कोळीण. रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या पडवीच्या पायरीवर टेकते. तिला आधी ही खानेसुमारी वाटली. मागच्या खानेसुमारीत तिच्या कोंबड्या मोजल्या गेल्याचा तिला संशय आहे. हे पाटलाकडे जाणार नाही, अशी शपथ मला घ्यावी लागली. मग मी विचारलं, सोनाबाई, मला एकटीला बसायला आवडतं की माणसांत?

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाय, तुमी एकट्या कवा बसलाव?" म्हणाली. "मी आल्यापासून उठेपर्यंत तुमी बोलताव. माझी मांदेली उन्हात सुकतात. तुमी मासळी घेताव पावशेर आन बातम्या घेताव टोपलीभर."

मी म्हटलं, मी तर फार शांत आहे गं. त्यावर ती इतकी हसली की तिला टोपली खाली ठेवावी लागली. मी पुढचे तेवीस प्रश्न विचारले नाहीत. अडाणी बाई, तिला शास्त्र काय कळणार, असं मनाशी म्हणून टाकलं, आणि स्वतःला सुधारायच्या मागे लागले.

सुधारणेचा पहिला व्यायाम असा होता की आतल्या तोंडाच्या माणसाने रोज एका अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोलावं. नागावात अनोळखी माणूस आणायचा कुठून? इथे कुत्रीसुद्धा नावाने ओळखीची. तीन दिवस मी काठी टेकत रस्त्यापर्यंत जाऊन रिकामी परत आले. चौथ्या दिवशी मोरीच्या कठड्यावर एक मनुष्य बसलेला दिसला. पन्नाशीचा, शेजारी हत्यारांची पिशवी, हातात भाकरी. पोटात गोळा येतो का म्हणून पाहिलं, आला नाही. मग जाऊन बसले. नाव काळूराम, गाव तळा, धंदा गवंड्याचा. त्याला दोन मुली, धाकटीचं लग्न व्हायचं आहे, मोठीचा नवरा गिरणीत आहे. मी त्याला माझा गुडघा सांगितला, आमचे मास्तर सांगितले, सिस्टर अगाथा सांगितली, तुझ्याविषयीही बरंच सांगितलं. त्याने मला चुना भिजवायची खरी रीत सांगितली. पाच मिनिटं झाली असतील असं वाटून वर बघते तो ऊन कठड्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेलं.

उठता उठता विचारलं, कोणाकडे काम काढलंय? तो म्हणाला, सदाभाऊंकडे.

"घरात एक म्हातारी हाय म्हणं. लई शांत. मानसांचा आवाज सोसत न्हाय तिला. म्हणून मागं विहिरीजवळ खोली बांधायची. रस्त्याकडं खिडकी ठेवायची न्हाय, आसं भाऊंनी बजावलंय." मग जरा आवाज उतरवून, "आजी, तुमी वळखता का तिला?"

मी म्हटलं, "थोडीशी."

"बोलते का वो कोनाशी?"

सुगरा, मी त्या कठड्यावर परत बसले. गुडघ्याने बसवलं असं त्याला सांगितलं.

घरी येऊन मी काही बोलले नाही. (दिव्याचा हा एक फायदा, बोलला नाही तर कुणाला नवल वाटत नाही.) पण काय चाललंय ते आता मला दिसत होतं. मागच्या वाडीत चिरे येऊन पडले होते. सदाने त्यासाठी आपली सायकल ठेवायची पडळ काढून टाकली, दोन पोफळी तोडल्या. त्या पोफळी त्याच्या बापाने लावलेल्या. सगुणा जमीन स्वतः चोपणार आहे. आत्याला आयुष्यभर शांत जागा मिळाली नाही, आता पडवीत रस्त्याची कटकट, सोनाबाईची कटकट, तेव्हा तिला मागे निवांत खोली द्यायची, असं दोघांनी माझ्या नकळत ठरवलं आहे. त्या दोघांना दोष कुठल्या तोंडाने देऊ? चार वर्षं मीच सांगत आले आहे की मला एकांत आवडतो. तिथून दिसणार काय, तर रहाट. रेडा गोल फिरणार, रहाट कुरकुरणार, आणि मी त्या दोघांकडे बघत उरलेले दिवस काढणार. मला त्या चार भिंतींची खरी भीती वाटते गं. हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी काळूराम कामावर आला आणि पडवीत मला बघून त्याच्या हातातली थापी थांबली. भला माणूस, ओळख न दाखवता कामाला लागला. पण भिंती खिडकीच्या उंचीला आल्या त्या संध्याकाळी बघते तर रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत हात दीड हाताची जागा मोकळी सोडलेली. सदाने विचारलं तर म्हणाला, चिरे कमी पडले. चिऱ्यांचा ढीग त्याच्या मागेच होता.

तेव्हापासून मी विचार करते आहे की मी दिवा झाले तरी कशी. ते पहिलं वर्ष आठवून पाहिलं. आपण दोघी रेवसहून एकाच गलबतात बसून गेलो. तुझे वडील जहाजांना दोरखंड पुरवायचे, कप्तान तुमच्या घरी चहाला यायचे, तुला इंग्रजी येत होतं. मला तीन शब्द येत होते, त्यांतला एक मांजर. आणि ती लाकडी पाटी आठवते? जी मराठी बोलेल तिच्या गळ्यात. दुसरी कुणी बोलताना सापडेपर्यंत तिने ती वागवायची. चार दिवस ती माझ्या गळ्यात होती. पाचव्या दिवशी मी तोंड मिटलं. वर्षभर मिटलेलंच ठेवलं, आणि सिस्टर अगाथाने त्यावर नाव घातलं, दिवा. तिची तरी काय चूक? तिने जे पाहिलं ते लिहिलं. दहा वर्षांच्या मुलीला भाषा येत नव्हती, एवढाच तो स्वभाव, आणि मी तो अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत चौकटीत घालून भिंतीवर ठेवला.

एक गोष्ट मात्र मी इतकी वर्षं विसरले होते. पाटी माझ्या गळ्यातून निघाली कशी? तू भर जेवणघरात, सगळ्या सिस्टरांच्या देखत, मला मोठ्याने मराठीत विचारलंस, "मनू, भात वाढू का?" तू काही विसरभोळी नव्हतीस. तेव्हापासून मी एक नवा प्रश्न घेऊन बसले आहे, तो त्या चोवीसांत नाही. सुगरा, तू तरी खरी घंटा होतीस का? की वर्षभर माझ्या वाटचंही तूच बोलत होतीस? या चार ओळींच्या कार्डांकडे बघून मला शंका येते.

फार लांबलं. सर्वांना यथायोग्य. डोळ्यांत थेंब घाल.

तुझी,
मनू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. सदाला हे सांगायचा मला धीर होत नाही. तू त्याला एक पत्र लिही, की तुझी आत्या लहानपणापासून बडबडी होती. तुझं तो ऐकेल. पत्र जरा लांब लिही.

दुसरा ता. क. प्रश्नांचा कागद सोबत पाठवते आहे. तो भरायचे कष्ट घेऊ नकोस, तुझ्या वतीने मी भरला आहे. तुला बावीस गुण पडले, आतल्या बाजूला. पंचविसावा प्रश्न मी पदरचा घातला आहे: मैत्रिणीच्या पत्राला वेळेवर उत्तर देता का? त्यात तू नापास आहेस.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं आहे. पाकिटाची जाडी बघून सदाने विचारलं, "आत्या, एवढं काय लिहिलंस? तू तर कधी बोलत नाहीस." माझ्या तोंडाशी नेहमीचं "काही नाही रे" आलं होतं. पण म्हटलं, "सदा, जरा बस." बसला. दिवेलागण होईपर्यंत बसला. सगुणा चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. सगळं ऐकून सदा म्हणाला, "मग त्या खोलीचं काय करायचं गं?" दोघांचे चेहरे इतके उतरले होते की माझ्याने राहवेना. सांगून टाकलं की ती खोली तशी सुगरेसाठीच हवी होती. तिला एकांत लागतो, आणि ती थंडीत दोन महिने राहायला येणार आहे. सगुणा लगेच जमीन चोपायला गेली. तेव्हा आता तुला यावंच लागेल. रेवसला सदा गाडी घेऊन येईल. खिडकी ठेवली आहे. कंटाळलीस तर पडवीत ये, सोनाबाई सकाळी आठला येते. आणि येशील ती बोटीपासूनच मराठीत बोलत ये. पाटी गळ्यात घालायला आता कुणी नाही, आणि घातलीच, तर या खेपेला मी घेईन.