भास्करच्या नंबरावर येणारे फोटो

रवि., २ नोव्हेंबर
जुन्या बाजारातून कॅमेरा आणला. रोलवाला, खिशात मावेल एवढा. गंजलेली कुलपं आणि मेलेले चार्जर यांच्यामध्ये पडला होता. विकणारा म्हणाला, "चालू है चचा, सेल डालो बस." सेल घातले तर कासवासारखी मान काढून लेन्स बाहेर आली. बातमीदारीत मोबाइलवर ढीगभर फोटो काढतो, परत एकही बघत नाही. म्हणून हा खटाटोप. सौ.चं म्हणणं, आधी न्यायशास्त्र झालं, मग होमिओपॅथी, आता हे. होमिओपॅथीचा उल्लेख अन्यायकारक.

मंगळ., ४
ऑफिसला अर्धी दांडी. पैठण गेटपासून गुलमंडी, तिथून सिटी चौक, पायी. बांगडीवाला फोटोसाठी ताठ उभा राहिला, लगेच म्हणाला, दिखाओ. म्हटलं, यात दिसत नाही, रोल धुतल्यावर दिसेल. त्यानं मागची बाजू उलटून पाहिली, मग माझ्याकडे. इतक्या करुणेनं कुणी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. प्रत्यक्ष प्रमाण नाही, आणि माझं शब्दप्रमाण गुलमंडीत चालत नाही.
संध्याकाळी निराला बाजार. पाणीपुरीच्या गाडीभोवतीची गर्दी, उजेड तिरपा, शेवटचा फोटो. कॅमेरा आपणहून घुरघुरत रोल गुंडाळू लागला. फार दिवसांनी काही नीट झाल्यासारखं वाटलं.

बुध., ५
बागेतल्या फेऱ्यांना भास्कर. आमच्या समोरच राहतो, वीस-बावीस वर्षांचा शेजार, मला शास्त्री म्हणतो. मूळचा सिल्लोडकडचा, तिकडची शेती भाऊ बघतात. आज पुण्याला निघाला, मुलीसाठी, मुक्तासाठी स्थळ बघायला. मुलाचं घर, सोसायटी, पाण्याची टाकी, सगळं स्वतः बघणार.
रोल इथं कुणी धूत नाही, अशी माझी कुरकुर चालली होती.
"आण इकडं. पुण्यात टाकतो. मोबाइलवरच पाठवत्यात ना फोटो? माझा नंबर देतो. तुझा फोन कधी लागलाय का?"
दिला. वर स्थळाला शुभेच्छाही दिल्या.

गुरु., ६
मुक्ता आली होती. सौ. भाजीला गेलेली बघूनच आली असावी. चिकलठाण्याला कंपनीत आहे, एरवी सुटीशिवाय दिसत नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, परवा निरालाला काढलेला तो फोटो डिलीट करा."
ती तिथं होती हे मला आत्ता कळलं. मी गर्दीचा काढला होता, गर्दी कुणाकुणाची ते बघितलं नव्हतं. तिनं मला बघितलं होतं. ती एकटी नव्हती.
यात डिलीट नसतं म्हणालो. मग दाखवा म्हणाली. दाखवताही येत नाही म्हणालो. कॅमेरा तिच्या हातात दिला, तिनंही मागची बाजू उलटून पाहिली. मग म्हणाली, रोल द्या, मी जाळते.
तेव्हा सांगावं लागलं, रोल कुठं आहे आणि कुणी नेला.
"बाबांच्या हातात दिला तुम्ही?"
हो म्हणालो. ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. ते हसणं ऐकवेना.
सोबतच्या मुलाचं नाव राहुल. तिच्याच कंपनीत. चांगला आहे वगैरे. मी आडनाव विचारलं. तिनं सांगितलं, बौद्ध आहेत म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चहा ढवळत बसलो. साखर केव्हाच विरघळली होती.
भास्करच्या चुलत बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं होतं. तिचं नाव त्या घरात अजून निघत नाही. मुक्ताला तेच सांगायचं होतं, पण मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं.

शुक्र., ७
पुण्याला लॅबमध्ये फोन. नम्र माणूस. रोल धुवायला गेलाय, फोटो दिलेल्या नंबरवर जातील. नंबर बदला म्हणालो. तर म्हणे, ज्यांनी रोल दिला त्यांनीच फोन करायला हवा. रोल माझा आहे म्हणालो. "असेल सर." या 'असेल'वर खंडन लिहिता येईल असं शिकलो होतो. धन्यवाद म्हणून फोन ठेवला.
मग भास्करला फोन. तो परत निघाला होता, खुशीत. घर पसंत, मुलगा पसंत, टाकीही पसंत. लॅबवाल्यांना माझा नंबर देशील का विचारलं. कारण विचारलं तर माझी ततपप.
"शास्त्री, कुण्या बाईचा फोटो काढलास की काय?" आणि बेदम हसला. आता रविवारी फेऱ्यावाल्या सगळ्यांना घरी बोलावून मोठ्या टीव्हीवर लावणार म्हणे.

शनि., ८
दिवसभर एकच विचार. ती फोटोत नसेलही. या कॅमेऱ्याच्या खिडकीतून दिसतं तेवढंच फोटोत येतं असं नाही, थोडं इकडेतिकडे होतं. हललाही असेल. वाईट फोटो यावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले.
सौ.ला सांगून टाकलं. ती म्हणाली, फोटो आला नाही तरी मुलगी आहेच की तिथं.
दुपारी मुक्ता जिन्यात भेटली. चेहरा शांत, मला त्याचीच भीती वाटली. म्हणाली, "फोटोनं सांगण्यापेक्षा मीच सांगते बाबांना. तुम्ही येऊन बसाल का? तुमच्यासमोर ते आवाज चढवत नाहीत."
मी बघू म्हणालो.
'बघू' म्हणालो. ती मान हलवून खाली गेली. मला राहुलबद्दल हरकत आहे का? नाही. चार लोकांत हे म्हणायला? लेखात तर दरवर्षी लिहितो, समता, बंधुता. भास्करच्या सोफ्यावर बसून म्हणायचं वेगळं. बावीस वर्षं सकाळी त्याच्याबरोबर चालतोय. पोरगी माझ्या पाठीवर घोडा घोडा खेळलेली.

रवि., ९
सकाळी भास्कर फेऱ्यांना आला नाही. पाय दुखतो असा निरोप. टीव्हीचा बेत रद्द की काय, म्हणून बाकीचे नाराज. मी तीन वेळा त्याच्या खिडकीकडे बघितलं. पडदा.
आत्ता फोन आला त्याचा. आवाज नेहमीचा नाही, पण रागाचाही नाही.
"शास्त्री, फोटो आलेत. उघडले नाहीत अजून. मुक्ता म्हणायली, आधी काकाला बोलवा, मग बघा. काय भानगड हाय?"
मी येतो म्हणालो.
"तुला म्हाईत हाय व्हय काही?"
येतो म्हणालो ना. पाच मिनिटांत.
सदरा बदलला. सौ. दाराशी उभी आहे. तिथं पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते लिहून बघावं म्हणून वही उघडली. 'भास्कर, मुलगा चांगला आहे' हे एक झालं. पण मी त्याला भेटलेलो नाही. 'भास्कर, मी मुक्ताच्या बाजूनं आलोय.' हे खरं आहे का? तिथं जाऊन म्हटलं तर होईल.
फोन परत वाजतोय.