डाव्या बाजूची दांडी

पोंतिव्ही,
गुरुवार, १६ ऑक्टोबर

जिल्दास पोरा,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. सफरचंदं उतरवली, निम्मी किडकी निघाली. कुत्री व्यायली. छप्पर गळतंय ते तसंच आहे. तुझी रोझेन बरी आहे. जेवते, भांडते, शाळेत जाते.

फोनवरच सांगितलं असतं, पण तू फोनवर हो-हो करतोस आणि अडचणीचं आलं की बोटीचं इंजिन पुढे करतोस. कागदाला इंजिन ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. चुका काढत बसू नकोस, मी किती शिकलो ते तुला ठाऊक आहे.

तर खुर्ची. रोझेनच्या फुटबॉलची. थांब, कागद फाडू नकोस, पुढे वाच. तू नाही म्हणाला होतास ते मला पाठ आहे, पोरीला मात्र मी ते सांगितलेलं नाही. पण तिची जुनी विजेवर चालणारी चाकाची खुर्ची वळताना डुगडुगते. क्लबात खेळ शिकवणारी ती कातेल म्हणाली, या खुर्चीवर पोरीला आता मैदानात घेणार नाही. म्हटलं, बघायला काय जातंय.

गेल्या शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये एक विकणारा आला, मोर्वां नावाचा. गाडीतून दोन खुर्च्या उतरवल्या. माणूस फार हसत होता. मी जन्मभर घोडे घेतले आणि विकले. जो विकताना हसतो त्याच्या घोड्याच्या चारी पायांना हात लावून बघावा.

पहिली खुर्ची मला पटली. उंच, मऊ गादी, चालवायची दांडी उजव्या हाताशी, जिथे असायला हवी तिथे. दिवसभर बसा, शाळेत न्या, खेळायच्या वेळी पुढे चेंडू मारायची लोखंडी जाळी लावली की झालं. दुसरी बुटकी, टणक, नुसती खेळायची. म्हणजे घरी एक, मैदानात एक. बसणारी एक आणि खुर्च्या दोन!

"ही एवढी खाली का बसवलीय?" मी विचारलं. "काय लपवलंय?"

"बॅटऱ्या, काका," मोर्वां म्हणाला. "वजन खाली असलं की गर्रकन फिरताना कलंडत नाही. या खेळात खुर्ची फिरवूनच चेंडूला फटका द्यायचा असतो ना."

"पळते किती?"

"ताशी दहा किलोमीटर. त्याच्या वर गेली तर पंच मैदानात येऊ देत नाही."

"म्हणजे भाव शर्यतीच्या घोड्याचा आणि चाल गाढवाची."

मी वाकून चाकं बघितली, बोल्ट हलवून पाहिले. रोझेन मागून म्हणते, "आजोबा, दातही बघा की तिचे!" सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "ज्याला दात नाहीत त्याचंच जास्त बघावं लागतं." बुटकीचे बोल्ट घट्ट निघाले. त्यानेच माझा संशय वाढला.

मग दिसलं. बुटकीची दांडी डाव्या बाजूला. आम्ही अजून तोंड उघडलेलं नाही, आणि हा डावी दांडी बसवून आलेला.

"कोणा डावखुऱ्याने परत केलेली आमच्या गळ्यात मारतोस काय रे?"

मोर्वांने कातेलकडे बघितलं. कातेलने रोझेनकडे. रोझेनने जमिनीकडे. बाजारात माणसं अशी एकमेकांकडे बघायला लागली की आपण खिशावर हात ठेवावा. म्हटलं, या बाईला यात काहीतरी मिळतंय.

"दोन्हींवर खेळून दाखव," मी पोरीला म्हटलं. उंच खुर्चीवरून पहिलाच फटका असा मारला की चेंडू भिंतीला लागून परत आला. वाटलं, लागला निकाल. पण मग चुकतच गेली. खुर्ची अर्धी वळायची आणि थांबायची. बुटकीत बसवून पट्टे आवळले, तर तिथे फटका हलका, पण चेंडू सांगेल तिथे. मी मनात म्हटलं, पहिलीत मोर्वांनेच काहीतरी ढिलं करून ठेवलंय, दुसरी खपावी म्हणून.

घरी हल्ली चमचाही डाव्या हातात धरते. मला वाटलं, शाळेतली नवी टूम असेल.

"मला बुटकीच हवी," रोझेन म्हणाली.

"घोडा बसणाऱ्याचा," मी म्हटलं. "ठरलं असेल तर सौदा तूच कर. दे टाळी."

आपली रीत तुला माहीत आहे. तळहातावर तळहात पडला की सौदा पक्का, मग देव आला तरी फिरत नाही. मोर्वां हात पुढे करून वाकला. पोरीने डावा उचलला.

मी ओरडलो. "डावा? डाव्या हाताची टाळी लबाडाची! उजवा दे!"

ती म्हणाली, "उजवा वर येत नाही, आजोबा."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. दांडी हलवतो थोडा वेळ, मग झोपतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं की बाबांना कळणार. बाबांना कळलं की खेळ बंद. कातेलला सांगितलं, ती ओरडत नाही."

मोर्वांने निमूट उजवा हात खाली घेतला आणि डावा पुढे केला. टाळी वाजली. खुर्ची घेतली. पैशाचं तू बोलू नकोस, ते माझं.

सोमवारी तिला डॉक्टरकडे नेलं. उजवा परत यायचा नाही म्हणतो. डावा किती दिवस, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घोड्याचं वय विचारल्याशिवाय मी कधी पाकीट उघडलं नाही. हे मात्र नाही विचारलं.

आता तुझं. पोरगी ईस्टर म्हणाली तेव्हापासून माझं डोकं फिरतंय. ईस्टरला तू घरी होतास. जेवताना तिच्या ताटातलं मटण तू कापून दिलंस, तिने न मागता, तिच्याकडे न बघता. आणि दुसऱ्या दिवशी मला एकट्याला गाठून म्हणालास, फुटबॉल बंद, खुर्च्या एकमेकींवर आदळतात, मान मोडेल. इतकी वर्षं आदळत होत्याच की! तेव्हा नाही आठवली मान?

मला संशय आहे पोरा, तुला माहीत होतं. तिच्या हाताला भिऊन तू खेळ बंद म्हणालास आणि बोटीवर जाऊन बसलास. तुला भिऊन ती हात मांडीखाली लपवत बसली. आणि मी खुळा, मोर्वांवर नजर ठेवत होतो.

चुकत असेन तर येऊन तोंडावर सांग.

खुर्ची तिच्या मापाची करून नोव्हेंबरात येईल. तुझ्या सहीशिवाय कातेल तिला खेळवणार नाही, तसा नियम आहे म्हणे. सही टपालाने पाठवू नकोस, आली तर चुलीत घालीन. स्वतः ये. पोरीसमोर बस, तिच्या हाताकडे नीट बघ, मग हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणायचं तर तेही तिच्यासमोर. मी मधे पडणार नाही.

मी लिहिलंय हे तिला ठाऊक नाही. तुला ठाऊक होतं, हेही नाही. ते सांगायचं काम माझं नाही.

तुझी वाट बघणारा, पण फार दिवस न बघणारा,
तुझा बाप
फाँश