चौथा माणूस

महाळुंगे,
६ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि वर्षालीकडून निरोप अर्धाच पोचतो, म्हणून लिहितो. सात वर्षं कंत्राटात काढली. आता एप्रिलमध्ये आमच्या लाइनवरच्या चौघांना कंपनी कायम करणार. मग बायको-पोरीला, वर्षाली आणि दिव्याला, इकडेच आणतो.

आणखी एक. आम्ही चौघं दरवाजाच्या बिजागऱ्या जोडतो. माझं काम बिजागरी उलटवायचं, दिवसाला नऊशे वेळा. मी सायकलच्या पॅडलवरून युक्ती काढली. पाय दाबला की ती आपोआप उलटते. अठरा तारखेला कंपनीच्या स्पर्धेत दाखवायची आहे. हात शिवशिवतात.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमचा नवनाथ


रेणापूर,
१३ जानेवारी

चि. नवनाथ यास अनेक आशीर्वाद.

पत्र पारावर वाचून दाखवलं. रंगराव कानाशी ओरडून म्हणाले, पायानं उलटलं तर हातवाल्याचं काय? मी म्हणालो, तुम्ही जळता. घरी आल्यावर मात्र तेच डोक्यात राहिलं.

तिसरीत असताना काच कुणी फोडली असं मास्तरांनी विचारलं. तू फोडली नव्हतीस. सगळे बघत होते म्हणून हात वर केलास. बक्षीस घे आणि खाली उतर. बोलू नकोस.

तुझे वडील,
उद्धवराव


महाळुंगे,
२० जानेवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पहिला नंबर. तुमचं पत्र आज मिळालं, तोवर बोलून झालं होतं.

पाचशे माणसं बसली होती. साहेबांनी विचारलं, एक माणूस वाचला, तो चौघांतला कुठला? आमचा टीम लीडर गणराज सांगणार होता की ते मागाहून ठरवू. मी त्याच्या हातातला माइक घेतला. म्हणालो, माझंच काम संपलं साहेब, पहिला मला काढा. टाळ्या थांबेनात. साहेबांनी मिठी मारली. अशा माणसाला कोण सोडेल? गणराज मात्र म्हणाला, येड्या, आता चौघं नाही, तिघंच कायम होणार. तो घाबरट आहे. दिव्याचा शाळेचा दाखला काढून ठेवा.

तुमचा नवनाथ


महाळुंगे,
२१ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

वर्षालीला एवढ्यात सांगू नका. लाइनवरून मलाच काढलं, पण गणराजनं साहेबांना विनवून मला पॅकिंगमध्ये जागा मिळवून दिली होती. एप्रिलऐवजी जूनमध्ये कायम. पॅकिंगला कुलदीप आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, या शास्त्रज्ञ, टेप चिकटवा. सगळे हसले. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि निघालो. गणराज गेटपर्यंत धावत आला. माघारी चल भावा, मी सांभाळून घेतो म्हणाला. पन्नास माणसं बघत होती अण्णा. कसा फिरणार?

नवनाथ


रेणापूर,
२९ मार्च

चि. नवनाथ यास आशीर्वाद.

वर्षालीला मी सांगितलं. ती दाखला शाळेत परत देऊन आली.

मला कानानं ऐकू येत नाही. तुला हसणं जरा कमी ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. नव्या जागी पहिला महिना तोंड उघडू नकोस. एवढंच मागतो.

उद्धवराव


महाळुंगे,
१० एप्रिल

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आज देहूरोडजवळच्या एका कारखान्यात बोलावलं होतं. तिथे पाच जण पंखे जुळवतात. पाचवा काम सोडून गेला, त्याच्या जागी मला घेणार होते. तुमचं पत्र खिशात होतं. पंधरा मिनिटं मी गप्प उभा राहिलो. मग मालकांनी विचारलं, काय वाटतं? चौघंही हात थांबवून माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणालो, हे चौघांत होईल. खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. मालक बघतच राहिले. माझा नंबर लिहून घेतला, लागलं तर कळवतो म्हणाले.

पण युक्ती फार सुंदर आहे अण्णा. सोबत तिचं चित्र पाठवतो. रंगरावांना दाखवा.

आशीर्वाद कमी करू नका.
तुमचा नवनाथ