आठाच्या पुढे जाईना

३ नोव्हेंबर, सोमवार

नेटचा स्पीड आजही आठ! सकाळी आठ, दुपारी आठ, आत्ता सात पॉइंट नऊ. लेक्चर एडिट करून वेळेत तयार केलं होतं. सहा जीबीची एक फाईल, आणि ती पुण्याच्या ऑफिसला पोचायला पावणेदोन तास! सहाच्या आत हवी होती, सव्वासातला पोचली. सरांचा मेसेज — 'सविता, पुन्हा?' एवढंच. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गोरक्ष म्हणतो, 'गावातली लाईन हाय. पुण्यासारखं कुठून चालंल?' मग दसऱ्यापर्यंत कशी चालत होती? तर म्हणे वायर खराब झाली असेल. बघतो म्हणाला. महिनाभर बघतोच आहे! नवरा नागापूरच्या कंपनीत मेंटेनन्सला, अख्ख्या गावाच्या मोटारी दुरुस्त करून देतो, आणि घरातली एक वायर त्याला सापडत नाही. राऊटरला हात लावू देत नाही कुणाला. सेटिंगचा पासवर्ड त्याच्याकडेच.

४ नोव्हेंबर

आठ.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इन्शाचा फोन. पुण्यातली माझी जुनी रूममेट, अजून त्याच ऑफिसात. तिला म्हटलं, आठचा स्पीड म्हणजे सेकंदाला आठ एमबी ना गं? मग सहा जीबी बारा-तेरा मिनिटांत जायला पाहिजेत! ती हसतच सुटली. 'बाई, नेटवाले सांगतात मेगाबिट. तुझी फाईल असते मेगाबाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. आठानं भाग आधी.'

भागलं. एक! सेकंदाला एक एमबी. एवढी वर्षं हे काम करतेय आणि मला हे माहीत नव्हतं. पुण्यात फाईल जायची, बास. कशाला कोण भागाकार करतंय!

मग लग्नाची बैठक आठवली. वडिलांनी सगळं विचारलं होतं. विहिरीला पाणी कुठवर टिकतं, गायी किती, दूध कुठे घालता. आणि आमची एकच अट — पोरगी घरून काम चालू ठेवणार. मध्यस्थ बिभीषणमामांनी मांडीवर थाप मारली, 'शंभरचा स्पीड हाय घरात! आजून काय पायजे?' सगळ्यांनी माना डोलावल्या. दुधाची फॅट विचारणारी ही माणसं, पण शंभर काय, हे एकानंही विचारलं नाही. सुपारी फुटली. मी आतल्या खोलीत खूश! शंभर म्हणजे खरे साडेबारा, हे आज कळलं.

तरी साडेबारासुद्धा पुरले असते. आठ मिनिटांत फाईल जाते त्यात. मला तेवढेच द्या ना!

९ नोव्हेंबर, रविवार

दिशाशी भांडले. नणंद कॉलेजवरून आली की रील सुरू. म्हटलं, तू सगळं नेट खातेस म्हणून माझं काम अडतं. तिचे डोळे भरले. 'माझ्यामुळं न्हाई व्हत वहिनी. तुमी उगाच मलाच धरता.'

आत्याबाई — सासूबाई — गोठ्यातून ओरडल्या, 'पोरीला कशाला बोलती? तुझं ते खोकं बंद कर, घरात भांडनच ऱ्हायचं न्हाई!'

गोरक्ष तिथेच बसलेला. मग खोलीत आल्यावर म्हणाला, 'दिवसभर कानाला ते लावून बसतीस. हाक मारली तरी ऐकू येत न्हाई तुला.' अरे, तेच माझं काम आहे! दसऱ्याला टीम लीड केलं मला, तेव्हा घरात कुणी साधं अभिनंदन केलं नाही. 'आता तरी सोडून दे,' म्हणाला होता. मी सरळ नाही म्हणाले. तेव्हापासून नीट बोलणं नाही आमचं.

११ नोव्हेंबर

सरांचा फोन. आवाज शांत, म्हणजे वरून ठरलंय. या महिन्याअखेरपर्यंत लाईन सुधारा, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बसा. दोन्ही जमत नसेल तर राजीनामा. 'तुझ्यासारखी एडिटर घालवायची इच्छा नाही गं,' म्हणाले. रडले नाही. भाकऱ्या थापल्या. दोन करपल्या, त्यावरूनही ऐकून घेतलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे सुप्याला लग्नाला गेले. काम आहे सांगून मी राहिले. घर रिकामं. एकही मोबाईल नाही, टीव्ही बंद, माझाही फोन बंद करून ठेवला. फक्त लॅपटॉप. आता तरी धावेल! मोजला.

सात पॉइंट नऊ.

म्हणजे दिशा काहीच खात नव्हती. पोरीला उगाच रडवलं मी.

१५ नोव्हेंबर

दिशाची माफी मागितली. ती लगेच विरघळली, मनानं फार साधी आहे. म्हणाली, 'माझ्यावर मोजा की वहिनी.' तिच्या मोबाईलवर मोजला. एक्याण्णव! तोच राऊटर, तीच खोली. माझा लॅपटॉप शेजारी ठेवला — आठ.

इन्शाला विचारलं. तिनं आधी दोन्ही आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, 'लाईन खराब असती तर आकडा खाली-वर झाला असता गं. राऊटरमध्ये एकेका लॅपटॉपला मर्यादा घालता येते. कुणी सेकंदाला एक एमबी टाकलं असेल, तर तुला मोजताना आठच दिसणार. कायम.'

कुणीतरी टाकलेला आकडा. 'कुणीतरी' काय लिहितेय मी! सेटिंग उघडणारा घरात एकच माणूस आहे. पण उगाच संशय नको. आधी दिशाला असंच दोषी धरलं होतं. चुकून पडलं असेल काही. नवरा आहे माझा. कंपनीतून येताना माझ्यासाठी आठवणीनं भेळ आणतो.

खात्री झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जेवताना सांगितलं — राजीनामा दिला.

आत्याबाई पटकन म्हणाल्या, 'बरं झालं बाई. घराकडं ध्यान ऱ्हाईल आता.' दिशाच्या हातातला घास तसाच राहिला. ती एकटीच म्हणाली, 'का हो वहिनी?'

गोरक्षनं मान खाली घालून भाकरी कुस्करली. 'जाऊ दे. लाईनला तरी कोन काय करनार?' मग आणखी एक भाकरी मागून घेतली. किती दिवसांनी पोटभर जेवला! पडल्या पडल्या माझा हात हातात घेतला, म्हणाला, 'मी हाय ना.' लगेच झोपही लागली त्याला.

१८ नोव्हेंबर

तो कामाला गेल्यावर लॅपटॉप उघडला. मोजला.

ब्याण्णव.

पुन्हा मोजला. ब्याण्णव! वायर कुणी बदलली नाही, नेटवाला माणूस आला नाही. उजाडायच्या आत उठून त्यानं मर्यादा काढून टाकली असणार. आता कशाला लागते?

आठानं भागून बघितलं. सेकंदाला साडेअकरा एमबी. महिनाभर यातला एक मला देत होता, आणि वर म्हणायचा, गावातली लाईन हाय.

विचारू का त्याला? काय विचारू! दुपारभर ओट्यापाशी उभी होते. चहा उतू गेला. आत्याबाईंनीच पुसला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पारनेर स्टँड. पुण्याची बस लागतेय. लॅपटॉप मांडीवर, दिशा माझी बॅग घेऊन शेजारी उभी. मोबाईलवर गोरक्षचे फोनवर फोन.

सोमवारी राजीनामा दिला असं नुसतं सांगितलं होतं. पाठवला कुठे होता!