गप्पा मारता येतील इतक्या वेगाने

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे अजून पूर्ण वाकत नाहीत, त्यामुळे तूर्त तो उभ्यानेच घातला आहे असं समज.) तुझी पाठ कशी आहे? मलमाच्या डबीतला कागद मी नीट वाचला. त्यावरून तू ते मलम गेले चार महिने चुकीच्या जागी लावते आहेस असं दिसतं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. मी मॅरेथॉन पूर्ण केल्याचं आईने तुला फोनवर सांगितलंच असेल, पण तिच्या पद्धतीने, "पोरगी बेचाळीस किलोमीटर जाऊन आली" एवढंच, जणू मी काहीतरी आणायला गेले होते.

मला पाच तास एकेचाळीस मिनिटं लागली. माझ्यामागे चार माणसं आणि एक रुग्णवाहिका होती. रेषा ओलांडल्यावर एका स्वयंसेविकेने मला तंबूतल्या खाटेवर आडवं केलं आणि अंगात ऊब राहावी म्हणून वर चकचकीत कागद पांघरला. हे सगळ्यांनाच करतात, पण बाबांना ते कोणी सांगितलं नव्हतं. ते आत आले, माझ्याकडे पाहिलं. गळ्यातला टेप काढला (टेपशिवाय बाबा मी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिले आहेत) आणि माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या. तुझा भाऊ किती बोलतो हे तुला मी सांगायला नको. तीस वर्षं शिलाई करताना टाचण्या तोंडात धरायची सवय. टाचण्या नसल्या तरी ओठ तसेच मिटलेले. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच वडील मानेने बोलतात.

शर्यतीनंतर पाच आठवड्यांनी इथे दहा किलोमीटरची दुसरी शर्यत आहे, आणि ती एका तासाच्या आत पळायची असं मी ठरवलं. पण घाईने पुन्हा धावायला लागून पाय कायमचे बिघडवणारे लोक असतात, तसं आपलं व्हायला नको म्हणून मी तीन पुस्तकं वाचून एक आराखडा तयार केला. पहिला आठवडा धावणं पूर्ण बंद, दुसऱ्यात फक्त चालणं, तिसऱ्यापासून हळू धावणं, तेही सहज गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. सुवाच्य अक्षरात लिहून, खाली रेघ मारून मी तो स्वयंपाकघराच्या दारावर लावला. ही माझी चूक झाली. आपल्या घरात पदवीधर मी एकटीच असल्यामुळे मी लिहिलेला कागद म्हणजे सरकारी हुकूम. औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, शेजाऱ्यांचे अर्ज, सगळं मी वाचायचं आणि मी म्हणेन तसं करायचं, अशी पद्धत मीच घालून दिली आहे. शिक्षणावर घराचा विश्वास बसावा असं मला मनापासून वाटत होतं. तो इतका बसेल असं वाटलं नव्हतं.

आई रोज सकाळी मला दारासमोर उभी करायची आणि म्हणायची, "वाच." मी वाचायचे. "काय लिहिलंय?" "धावणं पूर्ण बंद." "मग बूट कशाला घातलेस?" अशा रीतीने मला रोज माझ्याच तोंडून नकार मिळत असे. पाचव्या दिवशी ऑफिसला उशीर होत होता म्हणून मी बसमागे पळाले, फार तर तीस पावलं. ही बातमी माझ्याआधी घरी पोहोचली आणि आईने आठवडा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केला. त्यामुळे माझा पहिला आठवडा बारा दिवसांचा झाला. (ऑफिसात वेगळंच. जिना उतरताना मांड्या पेटायच्या म्हणून मी उलटी उतरत होते. आमचे हेडक्लार्क वर उभे होते. पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना पाठ न दाखवणारी मी पहिलीच कर्मचारी, त्यामुळे तेव्हापासून ते माझ्याशी फार मायेने वागतात. मी खुलासा केलेला नाही.) बाबा रोज पोटऱ्या मोजून दाराच्या चौकटीवर खडूने आकडे लिहीत होते, डावी सव्वातेरा, उजवी तेरा.

मग तिसरा आठवडा आला आणि गप्पांचा प्रश्न उभा राहिला. आईचं म्हणणं, गप्पा मारता येतात की नाही हे कळायला समोर कोणीतरी हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबा सायकल पुसून दारात उभे. मी धावायचं, त्यांनी शेजारून सायकल हाकायची आणि मला बोलतं ठेवायचं. मला धाप लागली की ते घंटी वाजवणार, मी वेग कमी करणार. फक्त काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज काय वार?" मी म्हटलं, मंगळवार. पुढचे दोन किलोमीटर तेवढ्यावर गेले. आमचा वेग असा, की भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी आम्हाला मागे टाकलं आणि वळून पाहिलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "तू तीन वर्षं नक्की काय शिकलीस?" आत्या, फी भरताना, निकाल लागताना, पदवीच्या कागदाला चौकट करताना त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी संख्याशास्त्र सांगायला लागले. सरासरी म्हणजे काय, ती का काढतात. चौकातल्या कारंज्यापर्यंत ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "सरासरी मापाचं गिऱ्हाईक माझ्याकडे अजून आलेलं नाही." मी हसले, श्वास चुकला, त्यांनी घंटी वाजवली. त्यानंतर रोज एक धडा. आता ते गिऱ्हाइकांना शक्यता किती टक्के आहे ते सांगून शिलाईच्या तारखा देतात, आणि गिऱ्हाईक वैतागतं.

हे सगळं चांगलंच आहे. पण येत्या रविवारी शर्यत आहे. गप्पांच्या वेगाने दहा किलोमीटरला ऐंशी मिनिटं लागतात, आणि मला साठच्या आत यायचं आहे. एकदा तरी मला जोर लावून पळून बघायचं आहे. शर्यतीत सायकल चालत नाही हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी फुटपाथवरून येईन." घंटी वाजली तर मी थांबेन, हे मला पक्कं माहीत आहे.

बाकी विशेष काही नाही. पाठीला जप आणि मलम कमरेच्या वर लाव.

तुझी भाची
(डावी तेरा, उजवी तेरा)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुझ्या घरचे पडदे शिवायचे आहेत आणि मापं घ्यायला येत्या रविवारी सकाळीच येणं भाग आहे, असं बाबांना फोन करून सांगशील का? तुझ्या शब्दाबाहेर ते नाहीत. पडदे नको असले तरी चालेल.

ता. क. दोन. फोन करू नकोस. पत्र टाकायचं राहून पिशवीतच होतं. आज धावताना सांगायला धडा उरला नाही, म्हणून मी बाबांना हे पत्रच सांगत गेले, पडद्यांसकट. घंटी एकदाही वाजली नाही. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पडदे कुठल्या खोलीचे?" मग कारंज्यापाशी म्हणाले, "त्या दिवशी तंबूत तू पडलेली होतीस. काय करावं ते कळेना, म्हणून पोटऱ्या मोजल्या." आणि थोडं पुढे गेल्यावर, "रविवारी नाही बोललीस तरी चालेल. शेवटी उभी दिसलीस की झालं." घरी आल्यावर त्यांनी सायकलची घंटी स्क्रू काढून कपाटात ठेवली.

ता. क. तीन. तर आता खरी विनंती. रविवारी तूच ये, आणि शेवटच्या रेषेपाशी बाबांच्या शेजारी उभी राहून त्यांना बोलतं ठेव. एकटे उभे राहिले की ते खिशातल्या टाचण्या काढून तोंडात धरतात, आणि मी येताना त्यांना काहीतरी ओरडावंसं वाटलं तर पंचाईत होईल. तासाभराच्या आत तुला मोकळी करते.